पुहोल्सची दहा वर्षं

बेसबॉलमधे नोव्हेंबर-डिसेंबरला मॅचेस नसतात, पण भांडणं मात्र सगळ्यात जास्त त्याच दिवसांत होतात. वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, संपली की ज्यांचे करार संपलेत ते सगळे खेळाडू मोकळे, म्हणजे फ्री एजंट, आणि त्यात एखादा तिशी ओलांडलेला, पहिल्यापासून एकाच टीमकडून खेळलेला, अख्ख्या गावाचा लाडका निघाला की झालंच. अर्धे लोक म्हणतात मागेल ते द्या त्याला, अर्धे म्हणतात आता काय राहिलंय त्याच्यात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा हे दोन्ही अर्धे एकाच माणसात असतात, सकाळी एक बोलतो आणि रात्री जेवताना बरोब्बर उलटं.

हे सगळं मी पहिल्यांदा जवळून बघितलं ते 2011 साली, सेंट लुइसमधे, तिथल्या कार्डिनल्स टीमच्या अल्बर्ट पुहोल्सच्या वेळी. नंतर दर हिवाळ्यात कोणी ना कोणी असतंच, नावं बदलतात, भांडण तेच. पण माझं या विषयावर जे काही मत बनलंय ते पुहोल्सवरूनच बनलंय, म्हणून तीच गोष्ट सांगते. ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचा, फार टेक्निकल होणार नाही (थोडं होईल).

आधी एक गैरसमज काढून टाका. फ्री एजन्सी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आयपीएलचं ऑक्शन येतं, तसं हे नाही. इथे टीमवाले हातोड्याखाली खेळाडू उचलत नाहीत, खेळाडू आणि त्याचा एजंट सगळ्यांच्या ऑफर्स ऐकतात आणि कुठे जायचं ते खेळाडू ठरवतो. म्हणूनच ते फॅन्सच्या इतकं जिव्हारी लागतं. ट्रेड झाला, म्हणजे टीमनेच खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला, की मॅनेजमेंटला शिव्या घालून मोकळं होता येतं, फ्री एजंट जातो तेव्हा तो स्वतःच्या पायाने जातो ना!

तर पुहोल्स. जन्म सांतो डोमिंगोचा, 1980 चा. पोरवयात कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला, मिझुरीत हायस्कूल केलं, कॅन्सस सिटीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात खेळला. 1999 च्या ड्राफ्टमधे (टीम्स आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) कार्डिनल्सनी त्याला घेतलं ते तेराव्या राउंडला, 402 व्या नंबरवर. म्हणजे 401 पोरं त्याच्या आधी घेतली गेली. आणि 2001 मधे हा पठ्ठ्या थेट मेजर लीगमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधे, आला तो .329 ची ॲव्हरेज, 37 होम रन (आपल्या षटकारासारखे) आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवख्याचा किताब, घेऊन. ॲव्हरेज म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर किती वेळा हिट मारला असं समजा, .300 ला लोक सलाम ठोकतात. याची सेंट लुइसमधल्या 11 सीझन्सची मिळून ॲव्हरेज होती .328. वर 445 होम रन, तीन एमव्हीपी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) आणि दोन वर्ल्ड सिरीज, 2006 आणि 2011.

आकडे सोडा, 2005 मधला एक फटका सांगते. ह्यूस्टनविरुद्धची प्लेऑफ सिरीज, मॅच त्यांच्या घरी, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला कार्डिनल्स 4-2 ने मागे, दोन आऊट झालेले, अजून एक आऊट की सीझन खलास आणि ह्यूस्टन वर्ल्ड सिरीजमधे. दोघं कसेबसे बेसवर पोचले. समोर ब्रॅड लिज, त्या वेळचा सगळ्यात खतरनाक क्लोजर, म्हणजे मॅच संपवायला शेवटी आणतात तो पिचर (बॉल टाकणारा). आणि पुहोल्सने त्याचा स्लायडर (वळणारा बॉल) असा हाणला की बॉल डाव्या बाजूला पार वर जाऊन आदळला आणि इतका वेळ बोंबलत असलेलं स्टेडियम चिडीचूप झालं. कार्डिनल्स पुढची मॅच हरले आणि सीझन संपलाच, म्हणजे तसा काही उपयोग झाला नाही त्याचा. पण सेंट लुइसमधे आजही त्या फटक्याबद्दल बोलतात तेव्हा शेवटी हरलो होतो हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारलं तरच.

आता पैसा. 2004 मधे त्याने सात वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार केला होता, शेवटी 2011 साठी टीमच्या हातात 1 कोटी 60 लाखांचा ऑप्शन, म्हणजे हवं तर टीम त्याला अजून एक वर्ष ठेवू शकत होती. तेव्हा रक्कम मोठी वाटली, पण पुढच्या वर्षांत त्याने जे काही केलं ते बघता कार्डिनल्सना तो कवडीमोलाने मिळाला. एप्रिल 2010 मधे फिलाडेल्फियाने रायन हॉवर्डला पाच वर्षांचे साडेबारा कोटी दिले, आणि तो चांगला असला तरी पुहोल्स नव्हता. ॲलेक्स रॉड्रिगेझ तर आधीच 2007 मधे यांकीजकडून दहा वर्षांचे साडेसत्तावीस कोटी घेऊन बसलेला. आणि खेळातला सगळ्यात भारी बॅटर 1 कोटी 60 लाखावर.

इथे सिस्टिमच अशी आहे हे लक्षात घ्या. खेळाडू मेजर लीगमधे आला की पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर काढतो, मग पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन, म्हणजे जमलं नाही तर लवाद पगार ठरवणार, आणि सहा वर्षांची सर्व्हिस झाल्यावर फ्री एजन्सी. आधीच टीमने लांब करार करून ठेवला तर अजून उशीर. म्हणजे शरीर जेव्हा सगळ्यात जोरात असतं तेव्हा पैसे कमी, आणि मोठा करार हातात येतो तोपर्यंत माणूस तिशीला टेकलेला. मग तो म्हणतो माझं मागचं देणं लागता तुम्ही, आणि टीम म्हणते आम्ही पुढच्यासाठी पैसे देतो, मागच्यासाठी नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हातारा खेळाडू आणि मोठा करार ही जोडी कोणाच्या हावरटपणातून आलेली नाही, ती या सहा वर्षांच्या नियमातूनच येते, पण हे बातम्यांत कोणी सांगत बसत नाही, तिथे फक्त शेवटचा आकडा येतो आणि आपण डोळे विस्फारतो.

2011 च्या फेब्रुवारीत बोलणी फिसकटली. पुहोल्सने स्प्रिंग ट्रेनिंगच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) सुरुवातीची डेडलाइन दिली होती, ती टळली, आणि त्याने सांगून टाकलं की आता सीझन संपेपर्यंत विषय बंद. आणि मग तो सीझन असा झाला की काय सांगू. त्याची ॲव्हरेज आली .299 आणि आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन) 99. करिअरमधे पहिल्यांदा .300 आणि 100 च्या खाली, तेही केसाने! बाकी कोणाला हे आकडे मिळाले असते तर पेढे वाटले असते, इथे लोकांनी वय मोजायला सुरुवात केली. आमच्या घरातही. माझा नवरा आकड्यांचा माणूस, तो तेव्हाच म्हणाला बघ, हा उतार सुरू झाला. मी म्हटलं एका हिटने काय उतार सुरू होतो का. मग ऑक्टोबरात टेक्सासविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या मॅचमधे पुहोल्सने एका रात्रीत तीन होम रन मारले, आणि नवरा गप्प. सहाव्या मॅचला डेव्हिड फ्रीसने जे केलं ते तर वेगळंच पुराण आहे, ते इथे सुरू केलं तर ही पोस्ट संपायचीच नाही. कप जिंकला, मिरवणूक झाली, 2 नोव्हेंबरला एका रेस्टॉरंटबाहेर पुहोल्सचा 10 फुटी ब्राँझचा पुतळासुद्धा उभा राहिला. खेळतोय, करार संपलाय, आणि गावात पुतळा! म्हणजे तो जाणार हे गृहीत धरायला कोणी तयारच नव्हतं.

8 डिसेंबरला सकाळी बातमी आली. लॉस एंजेलिस एंजल्स, दहा वर्षं, 24 कोटी डॉलर. कार्डिनल्सची शेवटची ऑफर साधारण 21 कोटींची होती असं छापून आलं, तीही दहा वर्षांची, काही रक्कम पुढे ढकललेली. त्याच्या बायकोने नंतर रेडिओवर सांगितलं की सुरुवातीची ऑफर फक्त पाच वर्षांची होती आणि ती त्यांच्या फार मनाला लागली.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. पेन्सिलने स्कोअरकार्ड भरायला मला त्यांनीच शिकवलं, रेडिओ लावून मांडीवर वही घेऊन बसायच्या, प्रत्येक बॅटरचा एक चौकोन, ग्राउंडआऊट झाला तर कोणी कोणाकडे फेकला त्याचे नंबर, आणि स्ट्राइकआऊटला के. बॅटर नुसता बघत उभा राहून आऊट झाला असेल तर तोच के उलटा काढायचा. तो उलटा के त्या फार तुच्छतेने काढायच्या, पेन्सिल दाबून. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर त्या काही रडत वगैरे नव्हत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, स्टॅन कधी गेला नसता.

स्टॅन म्हणजे स्टॅन म्यूझिअल. 1941 ते 1963, सगळे 22 सीझन्स कार्डिनल्सकडे, टीमच्या बुश स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, आणि सेंट लुइसमधे निष्ठा शब्द उच्चारला की त्याचंच नाव निघतं. पुहोल्सला स्वतःलाही त्याच्याबद्दल इतका आदर की लोक स्पॅनिशमधे "एल ओम्ब्रे" म्हणायला लागले तेव्हा तो म्हणाला तसं म्हणू नका, या गावात "द मॅन" एकच, स्टॅन.

माझ्या नवऱ्याने आजींना (तोंडावर नाही, घरी येऊन मला) उत्तर दिलं की स्टॅन जाणार कुठे होता, तेव्हा रिझर्व्ह क्लॉज होता, टीमने सोडल्याशिवाय खेळाडूला हलताच येत नव्हतं. आणि हे खरंच आहे. तो क्लॉज मोडायला ज्याने स्वतःचं करिअर पणाला लावलं तो कर्ट फ्लड, तो कुठल्या टीमचा होता माहितीये? कार्डिनल्सचाच. 12 सीझन्स सेंट लुइसमधे काढले, सेंटर फील्डला सात गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचा किताब), दोन वर्ल्ड सिरीज, आणि ऑक्टोबर 1969 मधे त्याला न विचारता फिलाडेल्फियाला ट्रेड करून टाकलं. त्याने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं की मी काही कोणाच्या मालकीची वस्तू नाही, माझ्या मर्जीविरुद्ध विकायला आणि विकत घ्यायला. 1970 चा अख्खा सीझन घरी बसला, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि 1972 मधे 5-3 ने हरला. फ्री एजन्सी आली ती नंतर, 1975 च्या डिसेंबरात, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूने पीटर साइट्झ नावाच्या आर्बिट्रेटरने निकाल दिला तेव्हा. फ्लडच्या पदरात काहीच पडलं नाही. 1971 मधे वॉशिंग्टनकडून 13 मॅचेस खेळला आणि संपलं.

म्हणजे ज्या गावाला पुहोल्स गेल्याचं सगळ्यात जास्त दुःख झालं त्याच गावच्या मालकांनी फ्लडला असं पाठवलं होतं. पुहोल्सला शिव्या देणाऱ्यांपैकी फ्लडचं नाव किती जणांनी काढलं?

पण मग मी आजींच्या बाजूनेही थोडं वाचलं, आणि नवऱ्याचं म्हणणंही पूर्ण टिकत नाही हं. 1946 मधे मेक्सिकन लीगने म्यूझिअलपुढे त्याच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम ठेवली होती, तिथे रिझर्व्ह क्लॉज चालत नव्हता, काही खेळाडू गेलेही, हा गेला नाही. आणि 1959 मधे, वयाच्या 38 व्या वर्षी, त्याची ॲव्हरेज .255 वर घसरली, पहिल्यांदाच .300 च्या खाली, तेव्हा त्याने 1 लाखाचा पगार 80 हजारावर आणून घेतला. राजीखुशीने! आणि त्यानंतर 1962 मधे, 41 वर्षांचा असताना, .330 मारली. त्यामुळे आजी अगदीच जुन्या काळाच्या गोडव्यात बोलत होत्या असं नाही.

मात्र या म्यूझिअलच्या गोष्टीतच मला खरी मेख दिसते. लोकांना आवडतं ते त्याचं वय मान्य करणं. आजी निष्ठा म्हणत होत्या, नवरा रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट म्हणत होता, पण दोघं बोलत होते एकाच गोष्टीबद्दल, की हा माणूस म्हातारा होणार आहे आणि ते कोणाच्या खर्चाने. खेळाडू खेळत असतो तोपर्यंत आपण त्याच्या वयाबद्दल गुळमुळीत बोलतो, दुखापत आहे, फॉर्म नाही, नशीब खराब. कराराची वर्षं मांडायला बसलं की हे चालत नाही. तिथे पाच की दहा, एकच आकडा लिहायचा असतो, आणि तो आकडा म्हणजे तू कधी संपणार याचा आमचा अंदाज. तो अंदाज ज्याच्याबद्दल आहे त्याच्या समोर टेबलावर ठेवायचा! पाच वर्षांची ऑफर त्याला लागली यात मला काहीच नवल वाटत नाही. ती पैशाने कमी होतीच, पण त्याहून जास्त ती म्हणत होती की 36 नंतर तुझी गरज नाही.

कार्डिनल्सची एक अडचण मात्र खरी होती आणि ती तेव्हा मला कळली नव्हती. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. कार्डिनल्स नॅशनलमधे, आणि तिथे तेव्हा डेझिग्नेटेड हिटर (डीएच), म्हणजे नुसती बॅटिंग करणारा खेळाडू, नव्हता. म्हणजे बॅटिंग करायची तर फील्डिंगही करायलाच हवी. पुहोल्स खेळायचा फर्स्ट बेसला, ती आधीच म्हाताऱ्यांची जागा समजली जाते, तिथून पुढे सरकवायला जागाच नाही. एंजल्स अमेरिकन लीगमधे, तिथे डीएच होता, पाय गेले तरी नुसता बॅटिंगला उभा करता आला असता. शिवाय एंजल्सचे मालक आर्टी मोरेनो यांच्या टीमचा तेव्हाच मोठा टीव्ही करार होत होता, वीस वर्षांचा, सुमारे 3 अब्ज डॉलरचा अशी बातमी होती. त्यांना पोस्टरवर चेहरा हवा होता. त्याच दिवशी त्यांनी पिचर सी. जे. विल्सनलाही साडेसात कोटींच्या वर घेतलं, म्हणजे खिसा किती गरम होता बघा.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. कार्डिनल्सनी कार्लोस बेल्त्रानला दोन वर्षांसाठी 2 कोटी 60 लाखात घेतलं. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना एंजल्सचा ड्राफ्ट पिक मिळाला, 2012 चा 19 वा, त्यावर त्यांनी मायकल वाका घेतला, आणि हे पोरगं पुढच्याच वर्षी नॅशनल लीगच्या फायनल सिरीजचा एमव्हीपी झालं, टीम वर्ल्ड सिरीजमधे. 2012 ते 2015, चारही वर्षं प्लेऑफ्स. नवऱ्याने हे मला किती वेळा ऐकवलं असेल याची गणतीच नाही. एक मात्र आहे, पुहोल्सचा 5 नंबरचा शर्ट कार्डिनल्सनी नंतर कोणालाच दिला नाही. अधिकृत रिटायर वगैरे केला नाही, गाजावाजा नाही, नुसता दिला नाही. एवढे चिडलेले असताना सुद्धा.

आता खरं मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते हे, ॲनाहाइमचे लोक. एंजल्सच्या नावात लॉस एंजेलिस असलं तरी स्टेडियम ॲनाहाइमला. पुहोल्सच्या गोष्टीत सगळे सेंट लुइसचं दुःख सांगतात, यांचं कोणी विचारतच नाही. करार कसा रचलेला बघा, 2012 ला 1 कोटी 20 लाख, मग 1 कोटी 60, मग 2 कोटी 30 आणि तिथून दरवर्षी 10-10 लाखांनी चढत 2021 ला 3 कोटी. म्हणजे वय वाढेल तसा पगार वाढणार. पहिल्याच सीझनला त्याचा पहिला होम रन आला तो थेट 6 मे ला, महिनाभर लोक नुसते वाट बघत बसले. शेवटी 30 मारले, ॲव्हरेज .285, आणि तीच त्याची तिथली सगळ्यात चांगली ॲव्हरेज ठरली. 2013 ला टाचेच्या दुखण्याने 99 मॅचेसवर सीझन संपला. मग पाय कधी नीट राहिलेच नाहीत. फर्स्ट बेसकडे पळताना बघवायचं नाही, बॉल शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) गेला की शॉर्टस्टॉप चक्क सावकाश, बॉल हातात नीट फिरवून वगैरे फेकायचा, कारण त्याला माहिती की हा काही पोचत नाही. सबंध काळाची ॲव्हरेज .256.

आणि याच काळात त्यांच्याकडे माइक ट्राउट होता, त्या पिढीतला सगळ्यात भारी खेळाडू. ट्राउट आणि पुहोल्स एका टीममधे, आणि दहा वर्षांत प्लेऑफ्स फक्त एकदा, 2014 ला, तेही कॅन्सस सिटीकडून 3-0 ने हरले. याचा सगळा दोष पुहोल्सच्या पगारावर ढकलणं मला पटत नाही, पिचिंगची बोंब होती आणि ती मॅनेजमेंटची जबाबदारी. पण फॅनला आकडा दिसतो तो एकच.

मैलाचे दगड बरेचसे त्यांच्या शर्टात झाले. 2014 ला 500 वा होम रन, 2017 ला 600 वा, तोही ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला), 2018 ला 3000 वा हिट. ॲनाहाइमवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, भली माणसं आहेत. पण ज्या 445 होम रनांमुळे 600 झाले ते त्यांनी बघितलेच नव्हते. लिजला मारलेला त्यांचा नव्हता, टेक्सासमधले तीन त्यांचे नव्हते. सेंट लुइसला त्याची जवानी मिळाली तीही स्वस्तात, आणि म्हातारपण बघायची वेळ आली ती यांच्यावर, पूर्ण भावाने. मला विचाराल तर मिक्स्ड फीलिंग्जचा हक्क असेल तर तो यांचाच सगळ्यात मोठा.

त्यांनी त्याला कधी वाईट वागवलं नाही म्हणा, आणि तोही तिथल्या तरुण पोरांना शिकवायचा, ट्राउट त्याच्याबद्दल कायम आदरानेच बोललाय. पण आदर वेगळा.

2019 च्या जूनमधे एंजल्स सेंट लुइसला आले. साडेसात वर्षांनी पहिल्यांदा. आम्ही तोपर्यंत तिथून हललो होतो, टीव्हीवर बघितलं. पुहोल्स लाल एंजल्सच्या टोपीत, बॅटिंगला आला आणि सगळं स्टेडियम उभं. एक मिनिटाच्या वर टाळ्या थांबेनात, त्याने हेल्मेट काढून चारी बाजूंना वर केलं, मागे कॅचर यादियेर मोलिना, जुना दोस्त, त्याने उठून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तर त्याने होम रन मारला, कार्डिनल्सविरुद्ध, आणि लोकांनी त्याला डगआउटमधून परत बाहेर बोलावलं! पाहुण्या टीमच्या खेळाडूला, आपल्याच पिचरला मारल्यावर. नवरा म्हणाला हे काय, आठ वर्षांपूर्वी हेच लोक काय बोलत होते. बरोबर आहे त्याचं. पण आता कोणाला त्याचा पगार द्यायचा नव्हता ना, आणि तो जिंकवेल की नाही याचाही हिशोब नव्हता. फुकटात प्रेम करायला मोकळे होते सगळे.

मे 2021 ला एंजल्सनी त्याला सोडलं. ॲव्हरेज .198, तारीख 6 मे, म्हणजे बरोब्बर त्याच तारखेला ज्या तारखेला तिथला पहिला होम रन मारला होता. सीझन संपायची वाट बघितली नाही, निरोपाची मॅच नाही, काही नाही. त्याला रोज खेळायचं होतं, त्यांना फर्स्ट बेसला तरुण माणूस खेळवायचा होता. हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही नाही. 3 कोटी देताच आहात तर चार महिने बेंचवर बसवून सप्टेंबरात नीट पाठवायला काय हरकत होती? पण मग वाटतं, .198 वाल्याला ठेवा हे मी म्हणतेय कारण तो पुहोल्स आहे, आणि नेमकं हेच म्हणून लोक दहा वर्षांचे करार देतात.

मग लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टीमकडे, डॉजर्सकडे, राहिलेला सीझन, तिथे पोरं त्याला तिओ अल्बर्ट म्हणायची, काका. आणि 2022 ला नॅशनल लीगमधे पण डीएच कायमचा आला. ज्या नियमाअभावी 2011 ला त्याला सेंट लुइसमधे म्हातारं होता आलं नसतं तो नियम बदलला आणि मार्च संपता संपता कार्डिनल्सनी त्याला परत आणलं, एका वर्षासाठी, 25 लाख डॉलर. परत 5 नंबर, तोच मोकळा ठेवलेला. सगळ्यांना वाटलं हा निरोपाचा दौरा, टाळ्या घेईल आणि जाईल, आणि जुलैपर्यंत ते खरंही होतं, .215 आणि 6 होम रन. नंतर काय अंगात आलं देव जाणे. दुसऱ्या हाफमधे 18! 42 वर्षांचा माणूस! 23 सप्टेंबरला डॉजर स्टेडियमवर एकाच मॅचमधे 699 आणि 700. 703 वर थांबला. प्लेऑफ्समधे फिलाडेल्फियाने दोनात गुंडाळलं, ते जाऊ दे.

आजी तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. त्यांनी त्याला माफ केलं असतं का, माहिती नाही, त्या फार खमक्या होत्या, 25 लाखात आलाय म्हणून आलाय असंही म्हणाल्या असत्या.

बाकी सगळ्यांनी मात्र 2022 नंतर गोष्ट गोड करून टाकली, की मुलगा घरी परत आला, वर्तुळ पूर्ण झालं वगैरे. मला ते तितकंसं पटत नाही. 2022 चा तो सीझन शक्य झाला कारण मधली दहा वर्षं दुसऱ्या कोणीतरी सांभाळली. कार्डिनल्सनी 2011 ला तो करार दिला असता तर 2016-17 च्या सुमाराला बुश स्टेडियममधेच लोकांनी त्याचा पगार त्याच्या तोंडावर काढला असता, आणि 5 नंबरची ही सगळी हळवी गोष्ट झालीच नसती. जाऊ दिलं म्हणून प्रेम उरलं. हे निष्ठेच्या बाजूने धरायचं का विरुद्ध, तुमचं तुम्ही ठरवा, आमच्या घरात यावर अजून एकमत नाही.

आणि एक बारीक गोष्ट राहिली जी सेंट लुइसवाल्यांच्या फारशी लक्षात नसते. 24 कोटींच्या त्या कराराला जोडून अजून एक करार होता, पर्सनल सर्व्हिसेसचा, खेळणं थांबल्यानंतर दहा वर्षांसाठी, 1 कोटी डॉलर. म्हणजे 2023 पासून, कॅम्पला जाऊन पोरांना शिकवणं, कार्यक्रमांना हजर राहणं, हे सगळं एंजल्ससाठी. 2028 ला तो हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाच्या) मतदानाला येईल, निवडून येणार यात काडीची शंका नाही, आणि तिथल्या पाटीवरच्या चेहऱ्याला टोपी कार्डिनल्सची असणार यातही नाही. फक्त त्या दिवशी मंचावर कार्डिनल्सच्या टोपीतली आपली पाटी घेऊन भाषण करणारा हा माणूस कराराप्रमाणे ॲनाहाइमच्याच पगारावर असेल.